काचेच्या घुमटातल्या राण्या

खालच्या आळीची राणी एका आठवड्यात वीतभर वाढली, आणि मारुकेलच्या कपाळाला आठी पडली. तिच्या शेजारी पाण्याची झारी घेऊन उभा असलेला ओल्मेदो मात्र असा फुलला होता, जणू पोरीचं लग्न ठरलंय.

"बघ पोरी, बघ! नळकांड्यातला वारा न पिता वाढलीये. याला म्हणतात खानदान!"

मारुकेलने मोजपट्टी पुन्हा लावली. मोजपट्टी तेच म्हणाली.

राणी म्हणजे हिगेरोनचं रोप, आपल्या उंबराच्याच कुळातलं. जहाजं ये-जा करणाऱ्या कालव्याकाठच्या एका संशोधन केंद्रामागे काचेचे सहा घुमट होते आणि प्रत्येकात दहा कुंड्या. तीन घुमटांत साधी हवा. उरलेल्या तिघांत नळकांड्यांमधून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडलेला, म्हणजे आजची पोरं म्हातारी होतील तेव्हा हवेत जितका असेल म्हणतात तितका. या वायूवर जंगलातली रोपं दणकून वाढतात का, एवढंच मारुकेलला बघायचं होतं. जगात पुष्कळ लोक त्याच भरवशावर होते. झाडं खातील वायू आणि होतील मोठी, आपण गाड्या फिरवायला मोकळे.

तिच्या पदवीचं घोडं याच रोपांपाशी अडलं होतं. पहिल्या खेपेची रोपं पानकापू मुंग्यांनी वरात काढून नेली होती. ही दुसरी खेप आणि शेवटची. कार्निव्हलचा चार दिवसांचा सण संपला की रोपं कापायची, वाळवायची, वजन करायचं, आणि घुमट दुसऱ्या चमूच्या ताब्यात द्यायचे. या वेळी काही बिघडलं तर गावी परत जाऊन आईच्या दुकानात कापड फाडत बसायचं. तसं आईने फोनवर दोनदा सुचवूनही झालं होतं.

आणि बिघडवायची सुरुवात तिनेच केली होती.

नोव्हेंबरात रोपं घुमटांत मांडली, तेव्हा कुठल्या घुमटात वायू आणि कुठल्यात नाही, याचा पहिल्या दिवसापासून गोंधळ. पाणी घालायला दोघं होती, ओल्मेदो आणि दोन्या दालिस, म्हणजे दालिसबाई, एक दिवसाआड. दोघंही लास ताब्लास गावची. मारुकेलही तिथलीच. तिने गमतीत म्हटलं, "सोप्पं आहे. वायूवाले घुमट म्हणजे वरची आळी, साध्या हवेचे म्हणजे खालची आळी."

लास ताब्लासच्या माणसासमोर ही गंमत करायची नसते. तिथे माणूस जन्मतो तोच एका आळीत. कार्निव्हलला दोन्ही आळ्यांच्या दोन राण्या, दोघींचे रथ समोरासमोर, आणि मागून येणारी प्रजा दुसऱ्या राणीच्या नाकापासून आजीपर्यंत सगळ्यांची गाण्यातून उणीदुणी काढत असते. ते चार दिवस सरले की उरलेलं वर्ष पुढच्या चार दिवसांच्या तयारीत जातं. ओल्मेदो खालच्या आळीचा. दोन्या दालिसची सात पिढ्यांपासूनची माणसं वरच्या आळीतली. मारुकेलचं वाक्य संपायच्या आत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि घुमटांची वाटणी झाली.

राण्या निवडायच्या ठरल्या तेव्हा तर कहरच झाला. प्रत्येक घुमटात एक राणी. पण निवडणार कोण?

"तुम्ही निवडलीत तर मरतुकडी आमच्या गळ्यात माराल," ओल्मेदो म्हणाला.

"आणि तू काय देव लागून गेलास?" दोन्या दालिस म्हणाली. "तुझ्या चुलत्याने रथाचं चाक सैल केलं होतं, ते विसरले नाही मी."

शेवटी सरकारी लॉटरीच्या सोडतीवर सोपवलं. बुधवारच्या सोडतीत तीन बक्षिसं लागली, त्यांच्या शेवटच्या आकड्यांच्या कुंड्या खालच्या आळीच्या राण्या. रविवारच्या तिघांवरून वरच्या आळीच्या. त्या वेळी सगळी रोपं दोन-दोन पानांची, सारखीच दीनवाणी. दोन्या दालिसने सहा कुंड्यांना कागदी फुलांचे छोटे मुकुट बांधले. खालच्या आळीच्या मुकुटांना तिने कमी फुलं लावली, ती ओल्मेदोने मोजली आणि वाढवून घेतली.

गाणी आलीच. दोन्या दालिस झारी घेऊन निघाली की तिचा खडा आवाज पार भटारखान्यापर्यंत जायचा.

"खालच्या आळीची राणी बघा, गुडघ्याएवढी झाली,
आमच्या राणीच्या सावलीत बसून थंडी वाजून आली!"

दुसऱ्या दिवशी ओल्मेदोची पाळी.

"वरच्या आळीची राणी बघा, वाऱ्यावरती फुगली,
नळकांडं रिकामं झालं तशी कंबर तिची वाकली!"

मारुकेल हसायची. खरं सांगायचं तर टाळ्याही वाजवायची. दोघं कधी नव्हे इतक्या वेळेवर कामाला येत होती. आपल्या आळीची पानं पुसत होती, किडे वेचत होती. तिला वाटलं, काय डोकं आहे माझं!

आता मात्र त्या डोक्याला घाम फुटला. वायूवाल्या घुमटांतली राणी नसलेली साधी रोपं साध्या हवेतल्या रोपांपेक्षा जेमतेम बोटभर उंच होती. आणि राण्या, दोन्ही आळ्यांच्या सगळ्या राण्या, ताडासारख्या सुटल्या होत्या. वायूमुळे म्हणावं, तर खालच्या आळीत वायू कुठे होता? बियांचा गुण म्हणावा, तर सोडतीत निघालेली रोपं नेमकी चांगल्या बियांची निघतील कशी? कुठेतरी पाणी मुरत होतं.

ओल्मेदो शीळ घालत निघून गेला. मारुकेल राणीच्या कुंडीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने मातीत बोट खुपसलं. बाकीच्या कुंड्यांमधली माती जंगलातून आणलेली, लाल, चिकट. इथली वरची दोन बोटं काळी होती, भुसभुशीत. तिने बोट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. लहानपणीचं परसदार आठवलं. मग मातीतून एक पांढरं पीस वर आलं.

काचेच्या घुमटात कोंबडी येत नाही.

तिने उरलेले पाचही घुमट पालथे घातले. सगळ्या राण्यांच्या कुंडीत तीच काळी माती, तोच वास. तीन राण्यांचं तिला कळलं असतं. पण सहा?

घुमटांबाहेरच्या बाकावर ती मटकन बसली. समोर कालव्यातून डब्यांची रास लादलेलं एक जहाज घाई नसल्यासारखं चाललं होतं. आता काय करायचं? एक वाट सोपी होती. 'प्रत्येक घुमटातलं एक रोप रोगट निघाल्याने वगळलं', एवढं एकच वाक्य लिहायचं. राण्या कचऱ्यात गेल्या असत्या आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. उरलेल्या रोपांवर पदवी मिळाली असती, ओल्मेदो आणि दोन्या दालिसच्या नोकऱ्या राहिल्या असत्या आणि आईच्या दुकानात कापड आईनेच फाडलं असतं. मारुकेलने ते वाक्य मनात दोनदा घोळवलं. ऐकायला अगदी झकास वाटत होतं.

ठरलं तर मग, असं म्हणून ती भटारखान्यात कॉफी घ्यायला गेली. तिथे डॉक्टर सामुदिओ बसले होते. डॉक्टर तिचे मार्गदर्शक, चिरिकीच्या डोंगरातले, कार्निव्हलच्या दिवसांत दारं लावून वाचत बसणारे. स्वभावाने करडे, पण तळलेल्या ओहाल्द्रेपुढे, म्हणजे मैद्याच्या जाड पुरीपुढे, विरघळणारे. आत्ताही एक ओहाल्द्रे हातात होती आणि ते स्वतःशीच गुणगुणत होते.

"गुडघ्याएवढी झाली… थंडी वाजून आली… काय गं मारुकेल, हे गाणं कुणाचं? पहारेकरीसुद्धा म्हणतो. महिनाभर डोक्यातून जात नाहीये."

मारुकेलने 'माहीत नाही' म्हणायला तोंड उघडलं. त्यातून सगळंच बाहेर आलं. आळ्या, राण्या, मुकुट, काळी माती, पीस, आणि ते झकास वाक्यसुद्धा. बोलता बोलता तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिने डॉक्टरांची कॉफी पिऊन टाकली.

डॉक्टरांनी हातातली ओहाल्द्रे ताटलीत ठेवली. ते फार वाईट लक्षण होतं.

"बोलाव दोघांना."

ओल्मेदो आला तो टोपी हातात घेऊन. दोन्या दालिस आली ती कमरेवर हात ठेवून.

"राण्यांच्या कुंडीत कोंबडीखत कोणी घातलं?" डॉक्टरांनी विचारलं.

ओल्मेदो टोपीच्या आत काहीतरी शोधू लागला.

"ओल्मेदो, कोंबड्या तुझ्याकडे आहेत ना?" मारुकेल म्हणाली.

"आहेत. म्हणजे… अहो डॉक्टर, जरा विचार करा." ओल्मेदोने टोपी पिळली. "वरच्या आळीला रात्रंदिवस नळकांडी. आमच्या पोरींना काय? साधी हवा! हा कुठला न्याय? मी म्हटलं, थोडं पोटाला घालू. फक्त राण्यांना. प्रजा राहते तशी राहते."

"आणि वरच्या आळीच्या राण्यांना?"

"त्यांना मी कशाला घालीन?" ओल्मेदोला हा अपमान फार लागला. "मी काय फितूर आहे?"

सगळ्यांनी दोन्या दालिसकडे पाहिलं. दोन्या दालिसने छताकडे पाहिलं.

"मी घातलं," ती म्हणाली. "याला एकदा चोरून घालताना पाहिलं खिडकीतून. दुसऱ्या दिवशी माझी पाळी. मीही घातलं."

"खत आणलं कुठून?"

"आणायचं कशाला? शेडमागे याचं पोतं होतंच."

ओल्मेदोचं तोंड उघडंच राहिलं. "माझं पोतं? माझ्या कोंबड्यांचं? अहो, मी दोन महिने त्या बिचाऱ्यांना शिव्या देतोय! म्हटलं, खातात मणभर आणि पोतं भरत कसं नाही! मका वाढवला मी त्यांचा!"

"म्हणूनच खत बरं होतं," दोन्या दालिस म्हणाली.

मारुकेलला हसू आलं आणि हसल्याबद्दल स्वतःचीच लाज वाटली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा चेहरा रागावलेला होता, पण डोळे दुसरंच काही करू लागले होते.

"किती घालत होतीस, दालिस?"

"याच्याइतकंच. पोत्यात भोपळ्याची वाटी असते, तिने एक सपाट वाटी प्रत्येक राणीला, दर आठवड्याला."

"जास्त का नाही घातलंस? जिंकायचंच होतं ना?"

दोन्या दालिसने त्यांच्याकडे असं पाहिलं, की चिरिकीच्या लोकांना शाळेत शिकवतात तरी काय!

"जास्त घातलं असतं तर उद्या हाच बोंबलला असता की खताने जिंकलात. सारखं घालून हरवलं, तरच हरवलं ना, डॉक्टर?"

"सुरुवात कधी?"

"राण्या झाल्या त्याच आठवड्यात," ओल्मेदो पुटपुटला. "नाताळाच्या आधी."

"मी त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," दोन्या दालिस म्हणाली.

"आता नीट सांगा." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "राण्या कशा निवडल्या? उंच रोपं बघून निवडली असतील, तर सगळं मुसळ केरात. ती तशीही उंचच झाली असती."

मारुकेलच्या ध्यानात आलं आणि ती पुढे सरसावली. "सोडतीवर, डॉक्टर. बुधवारच्या आणि रविवारच्या. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता म्हणून."

डॉक्टरांनी हाताची चार बोटं मोजली. मग त्यांनी ओहाल्द्रे उचलली आणि एक घास घेतला.

"म्हणजे नुसता वायू, नुसतं खत, दोन्ही, आणि काहीच नाही," ते म्हणाले. "प्रत्येक घुमटात वाटप चिठ्ठ्या टाकल्यासारखं, माप एकच. तीन वर्षांपूर्वी मी हाच प्रयोग मागितला होता, तेव्हा पैसे नाहीत म्हणून सांगितलं मला." एवढं बोलून त्यांना पुन्हा राग आठवला. "आळ्यांची नावं कोणी ठेवली?"

"मी," मारुकेल म्हणाली.

"मग जे झालं ते सगळं लिहायचं. गाणं सोडून सगळं. घुमटांची नावं, सोडत, चोरी, पोतं, कोंबड्यांचा मका. राण्यांची संख्या थोडी आहे, तेही लिहायचं. परीक्षक हसतील. हसू दे. त्यांच्यासमोर उभी राहून तूच सांगायचंस. आणि एक शब्द गाळलास, तर मी स्वतः तुला तुझ्या आईच्या दुकानात सोडून येईन."

"आणि आम्ही?" ओल्मेदोने भीत भीत विचारलं.

"तुम्ही दोघं कार्निव्हलचे चारही दिवस इथेच. पाणी दोघांनी मिळून घालायचं. खताला हात लावायचा नाही."

नोकरी गेली असती तर दोघांनी सोसलं असतं. हे ऐकून दोन्या दालिस खाली बसली. ओल्मेदोने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. चाळीस वर्षांत त्याने एक कार्निव्हल चुकवला नव्हता. ज्या वर्षी बायकोने त्याला सोडलं, त्या वर्षीसुद्धा नाही.

मारुकेलही गेली नाही. कुणी तिला अडवलं नव्हतं, पण जायला तोंडच नव्हतं. चारपैकी तीन दिवस तिघं शेडमध्ये छोट्या फोनवर लास ताब्लासचे रथ बघत बसली. पाण्याच्या टँकरमधून गर्दीवर फवारे उडायला लागले की ओल्मेदो बाहेरून नळी आणायचा आणि स्वतःसकट तिघांवर पाणी उडवायचा. शेवटच्या दिवशी मात्र त्याने नळी उचलली नाही.

"उद्या कापायच्या ना?" तो म्हणाला.

"उद्या," मारुकेल म्हणाली.

"मुकुट काढून मग कापा," दोन्या दालिस म्हणाली. तिने गाणं म्हटलं नाही.

राखेच्या बुधवारी, म्हणजे कार्निव्हल संपून उपवास सुरू होतात त्या दिवशी, दोन्या दालिस कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आली. तिने सहाही मुकुट सोडले आणि पिशवीत ठेवले, दोन्ही आळ्यांचे एकत्र. प्रत्येक घुमटातलं नव्या सोडतीत निघालेलं एकेक साधं रोप वाढवून बघण्यासाठी राखून ठेवायचं होतं. बाकी सगळी रोपं मारुकेलने कापली. मुळं धुतली, पाकिटं भरली, भट्टीत वाळत घातली. राण्या कापताना तिचा हात जड झाला, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. तीन महिने ज्याला आपण नावाने हाक मारतो, ते कापायला कुणाचाही हात जड होतो.

वजनं झाली त्या दिवशी डॉक्टर स्वतः तराजूपाशी उभे राहिले. नुसत्या वायूवरची रोपं काहीच न मिळालेल्या रोपांपेक्षा किंचित जड. इतकी किंचित, की डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नुसत्या खतावरच्या राण्या दुपटीने जड. आणि वायू आणि खत दोन्ही मिळालेल्या वरच्या आळीच्या राण्यांचं पाकीट ठेवलं, तसा तराजूचा आकडा भलताच वर चढला.

"लिहायला बस," डॉक्टर म्हणाले. "पदवी कुठे जात नाही आता."

मारुकेलने भिंतीला पाठ टेकली. तिने खिशातला फोन चाचपला. आईला फोन करून सांगायचं होतं की कापड तूच फाड बाई.

"वरची आळी!" दोन्या दालिस ओरडली. उपवासाचे दिवस विसरून तिने दोन्ही हात वर केले. "वरची आळी जिंकली! थंडी वाजून आली!"

"माझ्या कोंबड्यांच्या जिवावर!" असं ओल्मेदो म्हणणार, म्हणून सगळे थांबले होते. तो म्हणाला नाही. त्याच्या एका तळहातावर वायूवाल्या घुमटातल्या साध्या रोपाचं पाकीट होतं आणि दुसऱ्यावर साध्या हवेतल्या रोपाचं. तो दोन्ही हात वरखाली करून बघत होता.

"यांना सारखा वायू होता ना? पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून," मारुकेल म्हणाली.

"आणि ही एवढीच राहिली?"

"लाल मातीत तेवढंच."

ओल्मेदोने खिडकीतून पाहिलं. कालव्यापलीकडे टेकड्यांवर जंगल होतं. त्याच लाल मातीतलं, नजर पोचेल तिथपर्यंत.

"मग त्या सगळ्याला खत कोण घालणार?" त्याने विचारलं.

दोन्या दालिसचे हात हळूहळू खाली आले. मारुकेलला आकडे मघाशीच कळले होते. त्या आकड्यांत काय लिहिलंय, ते तिला आत्ता कळलं. मघाचा आनंद गेला नाही, पण त्याच्या शेजारी काहीतरी येऊन बसलं आणि मग ते उठून गेलं नाही. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर तिने ओल्मेदोचा प्रश्न त्याच्या नावानिशी घातला. परीक्षक सोडतीपाशी हसले, पोत्यापाशी तर पोट धरून हसले. त्या पानापाशी हसले नाहीत.

राखून ठेवलेली सहा रोपं घुमट रिकामे करताना कुठेतरी लावायची होती. पाच केंद्राच्या कुंपणाला लागली. सहावं एका संध्याकाळी ओल्मेदोच्या सायकलच्या मागच्या टोपलीत दिसलं. कुंडीवर वायूवाल्या घुमटाचा नंबर होता.

"अरे, ही तर आमची!" दोन्या दालिसने त्याला फाटकात अडवलं. "खालच्या आळीत कुठे नेतोस हिला?"

"कोंबड्यांच्या खुराड्यामागे," ओल्मेदो म्हणाला. "वरच्या आळीची लाडावलेली पोर. नुसता वारा पिऊन राहिली बिचारी. जरा जेवू घालतो."

दोन्या दालिसने पिशवीत हात घालून एक कागदी मुकुट काढला, रोपाला बांधला आणि फाटक उघडलं.